पोट्ट्यांच्या ट्रॅक पँटी राहू द्या, नकली बिल्ले बंद करा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या कॉलममधे एका सद्गृहस्थांचं पत्र होतं, की बाजारात मिळणारे मिलिटरी छापाचे सगळे कपडे बंद करा, घालणाऱ्यावर केस करा, वर्दीचा अपमान होऊन राहिला वगैरे. त्यांची भावना समजते. पण मी नागपुरात कामठी रोडवर टेलरिंगचं दुकान चालवतो, वडिलांपासून फौजी लोकांचंच काम, फौजेच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटचं सेंटर कामठीत आहे तर गिऱ्हाईकही तिकडचंच, म्हणून म्हटलं आपणही लिहावं. धंद्यासाठी बोलतो असं कोणी म्हणेल तर म्हणू द्या, धंदा आहेच.

सकाळी अंधारात जे पोट्टे भरतीची तयारी म्हणून ग्राउंडवर धावत असतात त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या अंगावर ती हिरव्या-मातकट छापाची ट्रॅक पँट असते, सीताबर्डीच्या फुटपाथवर स्वस्तात मिळते, मळ दिसत नाही आणि टिकते, म्हणून ट्रकवाले घालतात, सेंट्रिंगवाले घालतात, शेतात फवारणी करणारे पण घालतात. यांना पकडून करणार काय? कायदा तर वाचा एकदा. आधी आयपीसीचं १४० कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेत ते १६८ झालं, त्यात लिहिलं आहे की सैनिक नसताना सैनिकासारखा पोशाख घातला आणि तो अशासाठी घातला की लोकांनी आपल्याला सैनिक समजावं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे नुसता कपडा पुरत नाही, फसवायचा हेतू पाहिजे. नाहीतर आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन फौजी बनून आलेली लहान लेकरंही आत टाकावी लागतील.

आणि फुटपाथवरचा तो छाप बहुतेक वेळा फौजेचा नसतोच हो. फौजेची आताची कॉम्बॅट वर्दी १५ जानेवारी २०२२ ला दिल्लीत आर्मी डे परेडला पहिल्यांदा लोकांनी पाहिली, पॅराच्या, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटच्या जवानांनी घातली होती, डिझाइन निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने करून दिलं. छाप डिजिटल, म्हणजे आधीसारखे मोठे वळणदार धब्बे नाही, बारीक चौकोनी ठिपके. कपड्यात ७० टक्के कॉटन आणि ३० टक्के पॉलिस्टर. आधी शर्ट पँटमधे खोचून वरून बेल्ट लागायचा, आता जॅकेट बाहेर सोडायचं. छातीचे खिसे तिरपे आणि त्यांचं तोंड उभं, पाठीला नाइफ प्लीटची घडी, म्हणजे हात पुढे ताणला तरी पाठीत कपडा ओढत नाही, डाव्या बाहीवर खिसा, त्याच हाताला खाली पेन खोचायची जागा, पँटच्या कमरेला इलास्टिक पण आणि बटणं पण, आणि जांघेत डबल कपडा. हे शेवटचं वाचून कोणी हसेल, पण ज्याला रांगावं लागतं, गाडीत चढउतर करावी लागते त्याची पँट सगळ्यात पहिले तिथेच उसवते, आमच्याकडे रफूला येणाऱ्या अर्ध्या पँटी त्याच जागी फाटलेल्या असतात, डिझाइन करणाऱ्याने जवानाला विचारूनच केलं असावं असं मला वाटतं. महिलांसाठी फिटिंगमधे वेगळे बदल आहेत.

हा छाप आणि डिझाइन दोन्ही कोलकात्याला पेटंट ऑफिसात लष्कराच्या नावाने रजिस्टर झालं आहे, नोव्हेंबर २०२२ मधे लष्करानेच ते जाहीर केलं, दहा वर्षांचा हक्क आणि पुढे पाच वर्षं वाढवता येतो, परवानगी नसलेल्या कोणीही तो माल बनवला तर बेकायदेशीर. मग पोलिसांचं काम सोपंच झालं ना? हाच हुबेहूब छाप कोण छापतं, कोणता होलसेलवाला आणतो ते पाहा. फाटकी ट्रॅक पँट घातलेला पोट्टा कायले पाहिजे तुम्हाला?

खरी गोष्ट अशी की कपड्याने कोणी फौजी दिसत नाही, बिल्ल्याने दिसतो. बाहीवर तीन फिती म्हणजे हवालदार, दोन म्हणजे नायक, एक म्हणजे लान्स नायक. मग नेमप्लेट, छातीवर मेडलच्या रिबनी, बेरे टोपीचा रंग, पॅराची मरून रंगाची, रणगाडेवाल्यांची काळी. ग्रेनेडियर्स रेजिमेंटवाल्यांना टोपीवर पांढरा तुरा असतो, त्यांची टेरिटोरियल आर्मीची (अर्धवेळ फौजेची) बटालियन आपल्या बर्डीच्या किल्ल्यातच आहे. जानेवारी २०१६ मधे पठाणकोटच्या एअरबेसवर हल्ला करणारे फौजी कपड्यात आले होते, त्यानंतर लष्कराने लोकांना आणि दुकानदारांना आवाहन केलं होतं की असे कपडे घालू नका, विकू नका. तेव्हापासून मी आयडी कार्ड पाहिल्याशिवाय रँक आणि नेमप्लेट लावून देत नाही, ओळखीचा असला तरी, आणि लोक चिडतात. पण सगळेच दुकानदार पाहतात का? काही ठिकाणी तर पैसे दिले की फितीच काय, मेडलच्या रिबनीची पट्टी पण तयार मिळते. (ते ऑनलाइन गाडी विकणारे, ‘आर्मीत आहे, बदली झाली’ म्हणून अॅडव्हान्स मागणारे, त्यांचं तर विचारूच नका, ते दुसऱ्याचा वर्दीतला फोटो चोरून लावतात, कापडबंदीने त्यांचं काहीच बिघडणार नाही.)

आता ज्याच्यावर त्या सद्गृहस्थांनी एक शब्द लिहिला नाही ते सांगतो. फौजेत एकेका दोरीचा हिशेब असतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्या अफसरांची बेरे, रँकचे बिल्ले, कॉलरचे गॉर्जेट पॅच, बेल्ट, बूट एकसारखे केले आणि लॅनयार्ड, म्हणजे खांद्यावरची दोरी, काढूनच टाकली, वर गेल्यावर मी अमुक रेजिमेंटचा असं राहू नये म्हणून. आणि इथे वर्धा रोडच्या कोणत्याही लग्नाच्या लॉनवर जा, गेटवरच्या गार्डच्या खांद्यावर लॅनयार्ड, डोक्यावर मरून बेरे आणि तिला तुरा, अंगावर कॅमोफ्लाज, कोणाकोणाच्या तर खांद्यावर स्टार! त्यासाठी २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा आहे, कलम २१, गार्डने आर्मी, नेव्ही, एअरफोर्स किंवा पोलिसांसारखी दिसणारी वर्दी घातली तर तो आणि एजन्सीचा मालक दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे हेतू सिद्ध करायचीही भानगड नाही. बँडवाल्यांना मात्र यातून सोडा, त्यांच्या लाल कोटाला आणि सोनेरी झालरीला पाहून आजपर्यंत कोणी सॅल्यूट मारला नाही.

हा प्रकार नुसता लॉनपुरता नाही. फेब्रुवारी २०२० मधे दिल्लीत तणाव असताना कॅमोफ्लाज घातलेले जवान रस्त्यावर दिसले आणि लष्कर उतरलं अशी आवई उठली, लष्कराला सांगावं लागलं की ते आमचे नाहीत. पोलीस-निमलष्करी अशा सरकारी दलांच्या कपड्यातच एवढा घोळ होतो, तर एजन्सीवाल्यांना रान मोकळं का?

माझं म्हणणं एवढंच की एजन्सीचं लायसन देताना आणि रिन्यू करताना गार्डचा ड्रेस समोर उभा करून पाहा, रँक-रिबन-नेमप्लेट विकणाऱ्यांना रजिस्टर ठेवायला लावा, आयडीचा नंबर लिहिल्याशिवाय विक्री नको. नवी वर्दी शिवायला निफ्टसोबत टेलरांचं ट्रेनिंग घेतलं होतं, तसं कामठीच्या टेलरांचं पण घ्या आणि कोण शिवू शकतो त्याची यादी कँटोन्मेंटमधे लावा, आमचंही भलं होईल. आणि कलम २१ लावायचं तर आधी मालकाला लावा. माझ्याकडे ड्रेस टाइट करायला गार्ड येतात, ते सांगतात की कपडा एजन्सीच देते, पैसे पगारातून कापते, आणि मे महिन्यात नागपूरच्या उन्हात तो जाडजूड पॉलिस्टरचा कॅमोफ्लाज त्यांना स्वतःला पण नको असतो.

आपला नम्र,
एक टेलर, कामठी रोड, नागपूर