आप्पा, इथे तिघं बसतात

यॉर्कशायर, इंग्लंड,
रविवार

ती. आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं त्यावर तुम्ही चिडता, म्हणून हे पत्र. दादाला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.

"दुसऱ्याच्या भांडणात साक्षीला जाऊन स्वतःची नोकरी घालवशील," असं म्हणालात. एक तर नोकरी गेलेली नाही. साक्षीला गेलं म्हणून कुणी डूख धरून त्रास दिला, तर तोही 2010 च्या समानतेच्या कायद्यानं बेकायदाच धरतात, त्याची वेगळी केस होते. मॅनेजरीणबाई माझ्याशी कामापुरतंच बोलतात, एवढाच काय तो फरक. दुसरं म्हणजे, नऊ वर्षं लेबर कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या माणसानं मला कोर्टाची पायरी चढू नको म्हणावं?

मी साक्षीला गेले ते एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे इथल्या लेबर कोर्टात. झालं ते असं. आमच्या वृद्धाश्रमात अमा म्हणून घानाची एक मुलगी रात्रपाळीला होती. सहाच महिने झाले होते. एका शुक्रवारी तिनं मॅनेजरला दिवस गेल्याचं सांगितलं आणि सोमवारी तिला घरी बसवलं. नुसत्या अन्यायाच्या बडतर्फीची तक्रार करायला इथे तेव्हा दोन वर्षांची नोकरी लागायची, पण गरोदर म्हणून काढलं असेल तर एका दिवसाचीही अट नाही. मुदत मात्र कडक होती. तीन महिने, त्यातही एक दिवस कमी. त्याआधी एकॅस नावाच्या सरकारी संस्थेकडे समेटासाठी जावंच लागतं, तिथला नंबर मिळाल्याशिवाय अर्ज घेत नाहीत. तुमच्या त्या असिस्टंट लेबर कमिशनरकडच्या बैठका आठवा. इथे तेच, फक्त फोनवर. आमचाही समेट तुमच्यासारखाच फिसकटला.

अर्जाला फी नाही. 2013 साली सरकारनं लावली होती; भेदभावाच्या केसला सुनावणीपर्यंत 1200 पौंड. पुष्कळ कामगारांनी अर्ज करणंच सोडलं. मग युनिसन या युनियननं सुप्रीम कोर्टापर्यंत भांडून 2017 साली ती फी बेकायदा ठरवून घेतली. तुम्ही असता तर पेढे वाटले असते.

आता मुख्य गोष्ट, जी फोनवर तुम्हाला पटेना. इथे न्यायाधीश नेहमी एकटा नसतो. टेबलामागे तिघं बसतात. मधे कायदा शिकलेला न्यायाधीश, आणि दोन्ही बाजूंना दोन माणसं, ज्यांचा वकिलीशी संबंध नाही. एक मालकांच्या यादीतला, म्हणजे ज्यानं कधी माणसं नेमली, काढली, पगार केले. दुसरा कामगारांच्या यादीतला, बहुतेक युनियनमध्ये हाडं झिजवलेला. "म्हणजे मालकाचा माणूस निकालाला बसतो!" हे तुमचं वाक्य मला इथूनच ऐकू येतंय. आमच्या मालकाचा नव्हे हो. दोघांनीही बाजू बाहेर ठेवून यायचं. मत तिघांचं सारखं, आणि हे दोघं एक झाले तर न्यायाधीशाचं मत बाजूला पडतं.

आणखी एक सांगते, हसाल. ही कोर्टं 1964 साली निघाली ती मालकांच्याच तक्रारींसाठी! कामगारांच्या प्रशिक्षणासाठी कारखान्यांवर कर बसवला होता, तो जास्त लावला म्हणून कुरकुर करायला. बडतर्फीचे खटले तिथे आले ते 1971 च्या कायद्यानं. तुम्ही ज्याखाली 'यूएलपी', म्हणजे अनुचित कामगार प्रथेची तक्रार, टाकली होतीत तो आपल्या महाराष्ट्राचा कायदाही 1971 चाच ना?

पण तिघं आता सरसकट बसत नाहीत. साध्या बडतर्फीच्या केसेस 2012 पासून बहुधा न्यायाधीश एकटेच ऐकतात. भेदभावाला तिघं ठरलेले असायचे, तर 2024 च्या ऑक्टोबरपासून तेही न्यायाधीश ठरवतात. आम्हाला तिघं मिळाले. मला विचाराल तर केस तिथेच फिरली.

खोली अगदी साधी, आपल्या बँकेतल्या मीटिंगच्या खोलीसारखी. विग नाही, झगा नाही. न्यायाधीशाला नुसतं 'जज' म्हणायचं. साक्षीला बसण्याआधी क्लार्कनं विचारलं, कुठला ग्रंथ? गीता म्हटलं, तर कापडात गुंडाळलेली आणून ठेवली. आपली जबानी आधीच लिहून दिलेली असते, ती सगळ्यांनी वाचलेली असते. त्यामुळे बसल्या बसल्या थेट उलटतपासणी. समोर तीनशेवर पानांचं बाड. "एकशे बारा उघडा," की उघडायचं. माझे हात इतके थरथरत होते की दोन-दोन पानं एकदम उलटत होती.

कंपनीनं बॅरिस्टर आणला होता. आपल्याकडे दुसऱ्या बाजूची संमती असल्याशिवाय वकील उभा राहू शकत नव्हता, हे तुम्ही नेहमी सांगता. इथे तसलं काही नाही. ज्याला परवडेल त्यानं आणावा. अमाच्या बाजूनं युनियनची एक बाई बोलली, फार छान बोलली, पण हे मला खटकलंच.

तर कंपनीचं म्हणणं असं, की अमाला काढायचं मंगळवारीच ठरलं होतं. गरोदरपणाचं कळलं शुक्रवारी, मग त्याचा संबंध काय? आणि पान एकशे बारा म्हणजे मी फोनवर काढलेला रोटाचा, म्हणजे ड्यूटीच्या तक्त्याचा, फोटो. स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या दारावर दर गुरुवारी पुढच्या पंधरवड्याचा रोटा लागतो. त्यात अमाच्या नावापुढे चार रात्री होत्या. बॅरिस्टर म्हणाला, रोटा काय, मागचा पुढे उतरवतात, त्याला अर्थ नाही. जज पुढच्या पानाकडे वळले होते.

तेवढ्यात डावीकडच्या बाईंनी हात जरा वर केला. साठीच्या, गळ्यात चष्म्याची साखळी. सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. मॅनेजरीणबाईंना विचारलं, "हा रोटा पेन्सिलनं लिहिलाय. कोण लिहितं?"

"मीच."

"हे 'चार' मागच्या रोटात तीन होते. खोडून वर लिहिलंय, फोटोत दिसतंय. मंगळवारी ज्या मुलीला काढायचं ठरवलंत, तिला गुरुवारी तुमच्या हातानं एक रात्र वाढवलीत?"

खोलीत फक्त जजच्या लॅपटॉपची टकटक. मॅनेजरीणबाईंनी ग्लास उचलला, त्यात पाणी नव्हतं.

रोटा म्हणजे काय हे ज्यानं कधी लावलाय किंवा ज्याच्या पोटावर तो लागलाय, त्यालाच असला प्रश्न सुचतो.

निकाल पाच आठवड्यांनी ईमेलनं आला. तिघांचं एकमत, अमाच्या बाजूनं. अर्ज केल्यापासून सुनावणीला चौदा महिने लागले. बाळ रांगायला लागलं तोवर. तुम्ही विचाराल, कामावर परत घेतलं का? ती नको म्हणाली. भरपाई किती ते वेगळ्या तारखेला ठरेल. त्यात बुडालेला पगार असतोच, शिवाय मन दुखावल्याचेही पैसे असतात! आमच्याच वेस्ट यॉर्कशायरच्या एका महिला पोलिसाच्या 2002 च्या निकालावरून त्याच्या तीन पायऱ्या पडल्यात, थोडं दुखावलं, बरंच, आणि फार. आईला सांगू नका, नाहीतर ती तुमच्याकडे हिशोब मागेल.

मात्र एक कोडं सुटलेलं नाही. त्या चष्म्याच्या साखळीवाल्या बाई मालकांच्या यादीतल्या की कामगारांच्या? निकालपत्रावर दोघांची नावं आहेत, बाजू लिहिलेली नाही. अमा म्हणते, नक्की कामगारांच्या. मला वाटतं, चुकीचा रोटा इतक्या लांबून ओळखायला स्वतः वीस वर्षं रोटे लावलेले असले पाहिजेत. तुम्ही आयुष्यभर दोन्ही जातीची माणसं पाहिलीत, तुम्हीच सांगा. दादाकरवी लिहून पाठवा, फोनवर ओरडू नका.

बीपीच्या गोळ्या संपल्या की लगेच आणवत जा. भरपाईची तारीख मे महिन्यात आहे, तेव्हा रजा टाकलीये. दिवाळीत येतेच आहे.

आईला नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुमची,
सुनी