पुळणीवरचे कुत्रे आणि कासवांचे सात महिने

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

समुद्रकिनाऱ्यावर कुत्र्यांना येऊ द्यावे की नाही, याविषयी आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेले काही आठवडे जी चर्चा चालू आहे, ती मी नियमितपणे वाचत आलो आहे. पाळलेल्या कुत्र्यासह सहलीला येणाऱ्यांना किनारा सर्वांचा आहे असे वाटते, तर मुलाबाळांना घेऊन वाळूत बसणाऱ्यांना कुत्रा नजरेसमोरही नको असतो. दोन्हीकडची पत्रे वाचताना मला सतत असे वाटत राहिले की, ज्या कुत्र्यांमुळे आमच्या किनाऱ्याचे खरे नुकसान होते, त्यांच्याविषयी कोणीच बोलत नाही. म्हणून हे पत्र.

मी गुहागरला राहतो. परसदार उघडले की नारळी-पोफळीचे आगर, आगर संपले की सुरूचे बन आणि बन संपले की पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू, अशी इथल्या बहुतेक जुन्या घरांची रचना आहे. गावाचा हमरस्ता आणि समुद्र यांच्यामध्ये घरांची एक लांबलचक ओळ आहे आणि जवळजवळ प्रत्येक ओट्यावर एखादा तरी कुत्रा आहे. त्याला नाव असते, उरलेसुरले भात-भाकरी मिळते, रात्री कोणी अनोळखी माणूस आला तर तो भुंकतो; मात्र त्याच्या गळ्यात पट्टा नसतो, त्याला रेबीजची लस टोचलेली असेलच याची खात्री नसते आणि दिवेलागणीनंतर तो कुठे जातो याची चौकशी कोणी करत नाही. शहरातून येणारा माणूस त्याला भटका म्हणतो आणि आम्ही त्याला वाडीतला म्हणतो. पाळीव की भटका, या वादात हा तिसरा कुत्रा कुठेच बसत नाही, आणि रात्री पुळणीवर फिरणाऱ्यांमध्ये भरणा त्याचाच असतो.

ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या साधारणपणे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या वल्ह्यांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवून अंगाच्या भाराने वाळू चोपते आणि समुद्रात परत जाते. त्या घरट्याकडे ती पुन्हा फिरकत नाही. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात, म्हणजे शेवटच्या घरट्यातील पिल्ले समुद्रात जाईपर्यंत मे महिना उजाडतो. माणसाच्या डोळ्यांना वाळूत दोन बाजूंनी उमटलेला वल्ह्यांचा माग तेवढा दिसतो आणि वारा सुटला की तोही पुसला जातो. कुत्र्याला मागाची गरज नसते. ताज्या घरट्याचा वास त्याला लांबून येतो आणि अर्ध्या तासात तो खड्डा मोकळा करतो.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्याच वेळास या किनारी गावात कासव संवर्धनाचे काम सुरू केले, तेव्हा अंडी चोरणारी माणसे ही मोठी अडचण होती. आज माणसे बरीच सुधारली आहेत. गावोगावचे कासवमित्र हंगामभर पहाटे चार-साडेचारला बॅटरी घेऊन किनारा पायाखाली घालतात, घरटे सापडले की अंडी काळजीपूर्वक काढून तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात, जाळीचे कुंपण घातलेल्या हॅचरीत ठेवतात. हे कुंपण आता मुख्यतः कुत्र्यांसाठी आहे (कोल्हे आणि घोरपडीही आहेत, पण ते इथे कासवांइतकेच जुने रहिवासी आहेत आणि त्यांना कोणी ओट्यावर भाकरी घालत नाही). म्हणजे रोज पहाटे शर्यत असते: घरट्यापाशी आधी कासवमित्र पोहोचतो की कुत्रा.

ही शर्यत मी हरलेली पाहिली आहे, आणि जिंकलेला कुत्रा माझाच होता. दहा-बारा वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका सकाळी आमचा टिप्या परसदारी आला, तेव्हा त्याच्या नाकाडावर ओली वाळू चिकटली होती आणि मिशांना पिवळे बलक सुकून कडक झाले होते. मला प्रथम वाटले, शेजाऱ्यांच्या खुराड्यात शिरला असेल. मग बनातून त्याच्याच पावलांच्या ठशांवरून पुळणीवर गेलो. कमरेइतक्या रुंदीचा खड्डा उकरलेला होता आणि भोवती पिंगपाँगच्या चेंडूएवढ्या अंड्यांची मऊ, कातडीसारखी टरफले पसरली होती. त्यांतली काही नुसतीच दातांनी फाडून टाकली होती, म्हणजे टिप्याचे पोट भरल्यावरही त्याचा खेळ चालू राहिला होता. तेवढ्यात कासवमित्र तिथे आला. तो मला ओळखत होता, टिप्यालाही ओळखत होता. तो काही बोलला नाही. टरफले गोळा करून त्याने खड्डा बुजवला, कारण उघड्या खड्ड्याच्या वासाने दुसरे कुत्रे येतात. त्या दिवसापर्यंत मी स्वतःला निसर्गप्रेमी समजत होतो आणि कासवांच्या पिल्लांना समुद्रात सोडतानाचे फोटो मुंबईच्या नातेवाइकांना पाठवत होतो.

हे कोणत्या पाहुणीचे नुकसान आहे, तेही सांगायला हवे. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्य वनविभागाचे कांदळवन प्रतिष्ठान यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर दोन माद्यांना उपग्रह टॅग लावून सोडले होते. त्यांतली बागेश्री नाव दिलेली मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. पुढे २०२५ च्या जानेवारीत, ओडिशात २०२१ साली टॅग केलेली एक मादी इथेच अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावरची कासवे पश्चिमेला येत असतील असे त्याआधी फारसे कोणी धरले नव्हते. एवढा समुद्र पालथा घालून आलेली मादी वाळूवर चढते आणि चार कुत्री तिच्याभोवती भुंकत रिंगण धरतात. मग ती अंडी न घालताच परत फिरते. ऑलिव्ह रिडले हा वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच तिला आहे. पण कुत्र्यावर गुन्हा दाखल होत नाही आणि ज्याच्या ओट्यावर तो झोपतो त्याला कोणी विचारत नाही.

आता पर्यटकांच्या कुत्र्यांविषयी. त्यांच्यावर माझा राग नाही, किंबहुना गावातल्या कुत्र्यांपेक्षा त्यांची निगा चांगली राखलेली असते. मात्र "आमचा काही करत नाही हो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की, ते आता पट्ट्याऐवजी वापरले जाते अशी मला शंका येते. गेल्या डिसेंबरात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबाने आपला मोठा केसाळ कुत्रा ओहोटीच्या वेळी मोकळा सोडला. पाण्याच्या कडेला चिखल्या आणि तुतारी पक्ष्यांचा थवा चरत होता. कुत्रा धावला, थवा उडाला, शंभर पावलांवर उतरला, कुत्रा पुन्हा धावला. घरातली सगळी मंडळी कौतुकाने व्हिडिओ काढत होती. हा खेळ पाऊण तास चालला. हे पक्षी उत्तरेकडून हिवाळ्यापुरते येतात आणि ओहोटीच्या मोजक्या तासांत त्यांना परतीच्या प्रवासाचे खाणे अंगी लावायचे असते. कुत्र्याने त्यांतला एकही पक्षी पकडला नाही, त्यामुळे कुटुंबाच्या दृष्टीने त्याने खरोखरच काही केले नाही.

विष्ठेचा मुद्दा किळसवाणा म्हणून टाळला जातो, पण टाळू नये. कुत्र्याच्या विष्ठेतील अंकुशकृमींच्या अळ्या ओलसर वाळूत जगतात आणि अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायातून कातडीत शिरतात. मग कातडीखाली नागमोडी, खाजरी रेघ सरकत जाते. शहरात फुटपाथवर पिशवी घेऊन वाकणारे हेच लोक समुद्रावर आले की सगळे लाटांवर सोपवतात. भरतीच्या रेषेच्या वरच्या वाळूपर्यंत लाट येत नाही, आणि मुले किल्ले तिथेच करतात.

तरीही, काही वाचकांनी सुचवलेली सरसकट, बारमाही बंदी मला मान्य नाही. तशी पाटी लावणे सोपे आहे, परंतु तिचा बडगा फक्त पट्ट्याने धरलेल्या कुत्र्यावर पडेल, कारण दंडाची पावती फाडायला माणूस तिथेच सापडतो. ज्याच्या मागे कोणी माणूस चालत नाही तो वाडीतला कुत्रा पाटीखालूनच पुळणीवर जाईल. शिवाय होड्या ओढून ठेवलेल्या जागी जाळी राखायला मच्छीमार कुत्रे ठेवतात, त्यांना तिथून हाकलणे न्यायाचे होणार नाही. इंग्लंडमध्ये अनेक किनाऱ्यांवर कुत्र्यांना मे ते सप्टेंबर एवढ्याच काळात मज्जाव असतो, कारण तेव्हा तिथे माणसांची गर्दी असते. आपल्याकडे हंगाम कासवांचा धरावा. घरटी होतात त्या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मे या काळात सूर्यास्तापासून सकाळी आठपर्यंत एकही मोकळा कुत्रा वाळूवर नसावा, मग तो पुण्याचा असो वा माझा. दिवसा पट्टा आणि पिशवी या दोन अटींवर कोणालाही येऊ द्यावे. पावसाळ्यात तर उधाणलेल्या समुद्रापाशी माणसांनीच जाऊ नये, तिथे कुत्र्यांसाठी वेगळा नियम कशाला हवा?

कुत्रे पकडून दूर सोडून द्यावेत, ही सूचनाही वारंवार येते, आणि कोणी दबक्या आवाजात विषाचेही नाव काढते. विष घालणे हा गुन्हा आहे आणि ते कुत्र्यापाशी थांबत नाही; कोल्हा, कावळा, घार, सगळे त्याला बळी पडतात. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला मूळ जागीच सोडावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात पिसाळलेले आणि आक्रमक कुत्रे वगळून इतरांच्या बाबतीत हेच तत्त्व कायम ठेवले आणि खाणे घालण्याच्या जागा ठरवून द्यायला सांगितले. नसबंदी झालेच पाहिजे असे काम आहे, पण ती केलेल्या कुत्र्यालाही अंड्यांचा वास येतोच. त्याची पिलावळ वाढणार नाही, एवढाच तिचा उपयोग. या हंगामातली घरटी वाचवायची असतील तर कुत्रा रात्री पुळणीकडे वळतो कशासाठी, हे पाहावे लागेल.

तो वळतो खाण्यासाठी. जाळी झाडल्यावर टाकून दिलेली बारीक मासळी, सुट्टीच्या दिवसांत खाद्यगाड्यांमागे साचणारी हाडे आणि पत्रावळी, शिवाय पर्यटक हौसेने टाकतात ते बिस्किटांचे पुडे, एवढी पंगत रोज मांडलेली असताना कुत्र्याने घरी बसावे ही अपेक्षा चुकीची आहे. कासव त्याला या पंगतीत वाढलेले जादा पक्वान्न वाटत असणार. बिस्किटे टाकणारे हात भूतदयेचेच असतात हे मी जाणतो. त्यांनी हीच बिस्किटे गावाच्या आतल्या बाजूला, रस्त्यापलीकडे ठरवून दिलेल्या जागी टाकली तरी बराच फरक पडेल. खाद्यगाड्यांचा कचरा रात्री दुकान बंद करण्याआधी उचलला जावा, ही परवान्याचीच अट असावी. (वाळूवर गाड्या घालणाऱ्यांविषयीही लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

नुकतेच गणपती झाले आहेत. पहिली मादी वाळूवर चढायला अजून दोन महिने आहेत आणि तेवढ्यात काम होण्यासारखे आहे. किनाऱ्यालगतच्या वाड्यांमधील कुत्र्यांची घरवार नोंद, लस आणि नसबंदी दिवाळीपूर्वी उरकता येईल. नोंद घरवार करावी असे मी मुद्दाम म्हणतो, कारण कुत्रा कोणाच्या ओट्यावरचा हे वाडीत सर्वांना ठाऊक असते. ते एकदा कागदावर आले की "तो आमचा नव्हे" असे म्हणता येणार नाही. हे काम बाहेरून माणसे आणून होणार नाही. कासवमित्र, मच्छीमार आणि आगरवाले यांनी मिळून करायचे ते काम आहे, आणि नगरपंचायत व ग्रामपंचायतींनी त्यासाठी पशुवैद्य आणि जागा तेवढी पुरवावी.

टिप्या जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्याच्यानंतर आलेला कुत्रा कार्तिक लागला की रात्री ओट्यावर साखळीला बांधलेला असतो. पहिले आठ-दहा दिवस तो रात्रभर विव्हळतो आणि शेजारी सकाळी मला बोल लावतात. पलीकडच्या तीन घरांतले कुत्रे मोकळेच असतात. ते त्या वेळी बनातून पुळणीकडे जाताना मला अंथरुणात ऐकू येतात.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
गुहागर, जि. रत्नागिरी