आमच्या शेजारचे अ‍ॅकॉर्डियनवाले आजोबा

युक्लिड, ओहायो
१८ जानेवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दिवाळीत आलं आणि उत्तराला संक्रांत उलटून गेली. रागावू नकोस. "पेटी वाजवतोस की माळ्यावर टाकलीस?" असं तू विचारलं होतंस. वाजवतो, रोज वाजवतो. पण ती आज वाजते आहे ती शेजारच्या आजोबांमुळे, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहितो.

मिरजेहून आणलेली माझी पेटी मागच्या हिवाळ्यात बिघडली. इथे घर तापवून तापवून हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं. काळी चार मुकी झाली आणि पांढरी पाच चढली. मी खटपट करत बसलो होतो, तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर बर्फ उपसताना आजोबांना आवाज ऐकू गेला होता. हातात कातड्याची छोटी पिशवी. पेटी कधी पाहिली नव्हती त्यांनी. वरची फळी काढायला सांगितली, कागदाची पातळ पट्टी रीडखाली, म्हणजे सूर देणाऱ्या धातूच्या जिभेखाली, सरकवली, धुळीचा बारीक कण बाहेर आला आणि काळी चार बोलायला लागली. पांढऱ्या पाचच्या रीडखाली पोलादाची पातळ पात घातली, बुडाशी दोनदा खरवडलं, कान लावला, आणखी एकदा खरवडलं. सूर खाली आला. म्हणाले, "ही तर माझ्या वाद्याची चुलत बहीण आहे."

खरंच आहे ते. भात्याची हवा आणि तिच्यावर थरथरणारी धातूची जीभ, दोन्हीकडे तेच. आजोबांच्या वाद्याचं, म्हणजे अ‍ॅकॉर्डियनचं, पेटंट सिरिल डेमियान या वाद्यकाराने व्हिएन्नात १८२९ साली घेतलं. फरक इतकाच की आपले रीड पितळेचे, आजोबांचे पोलादाचे आणि मेणाने बसवलेले. आपण भाता एका हाताने हलवतो, त्यांचा भाता छातीवर असतो. उजव्या हाताला पट्ट्या, डाव्या हाताला एकशेवीस बटणं, आणि ती वाजवणाऱ्याला दिसतच नाहीत! षड्जाच्या जागी असलेल्या बटणावर एक खळगी असते, तिच्यावरून बोट घर शोधतं. दहा-अकरा किलोचं ओझं आहे. आजोबा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि पट्टे अजून स्वतः खांद्यावर चढवतात.

त्यांचे आईवडील स्लोव्हेनियातून आले. क्लीव्हलँडच्या गिरण्या-कारखान्यांत काम करायला त्या मुलखातली इतकी माणसं आली की सेंट क्लेअर रस्त्यावर आणि कॉलिनवुडमध्ये त्यांची गावंच वसली. वर्गणी काढून त्यांनी मोठाले हॉल बांधले. शनिवारी लग्न, शनिवारीच पोल्का. हा नाच १८३० च्या सुमाराचा, बोहेमियातला, दोन मात्रांचा. तुला केरव्याची चढी लय ऐकल्यासारखं वाटेल. डाव्या हाताने आधी खर्जाचं बटण, लगेच स्वरमेळाचं (एकदम तीन सूर देणारं), धुम्-चक धुम्-चक, आणि उजवा हात वर मोकळा.

आजोबांचं दैवत म्हणजे फ्रँकी यांकोविक. कॉलिनवुडमध्येच वाढलेला. वडिलांचा विरोध होता, म्हणून आईने चोरून पैसे साठवून त्याला वाद्य घेऊन दिलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात, बल्जच्या लढाईत, त्याचे हातपाय गारठून सडायला लागले. डॉक्टर कापायला निघाले, त्याने ठाम नकार दिला. हॉस्पिटलमध्ये त्याला अ‍ॅकॉर्डियन आणून दिलं आणि त्याच पट्ट्यांवर त्याने बोटं पुन्हा चालती केली. १९४८ साली मिलवॉकीत त्याला पोल्काचा राजा ठरवलं, त्याच साली त्याची रेकॉर्ड देशभर वाजली. शब्द इंग्रजी घेतले, बँजो घेतला, पितळी वाद्यांचा गोंगाट कमी केला, म्हणून परक्या घरची पोरंही नाचायला आली. माझ्या मते त्याचं खरं मोठेपण यातच आहे.

आजोबांनी मात्र गाव सोडलं नाही. आठवडाभर कारखान्यात यंत्राचे सुटे भाग घडवायचे, शनिवार-रविवार हॉलमध्ये वाजवायचं. पासष्ट वर्षं झाली. वाद्याच्या पेटाऱ्यात एक जाड वही आहे, ती त्यांनी मला तळघरात बसवून दाखवली. तारीख, हॉल, कुणाचं लग्न, आणि शेवटच्या रकान्यात नवरा-नवरीने मागितलेली चाल. बरीच पानं त्यांच्या बायकोच्या हातची. ज्यांच्या लग्नात वाजवलं त्यांच्या मुलांच्या लग्नातही वाजवलं. अलीकडे त्याच नावांसमोर एक छोटा क्रॉस काढलेला दिसतो. अंत्यविधीलाही ते जातात आणि वहीत बघून तीच चाल वाजवतात, फक्त संथ लयीत. बायकोच्या वेळी वही उघडावी लागली नाही, एवढंच म्हणाले आणि पान उलटलं.

आता त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून मीच नेतो. परवा बघत होतो, लय धरायच्या आधी ते नाचणाऱ्यांतलं सगळ्यात म्हातारं जोडपं शोधतात आणि त्यांच्या पायांवर नजर ठेवतात. ते दमले की कुणाला कळणारही नाही इतकी लय उतरवतात. मला एकदम तू आठवलास. बुवांचा श्वास कमी पडला की तू पेटीवर तान लांबवून त्यांना सावरतोस, तसंच हे.

एक गोष्ट त्यांना लागली आहे. पोल्काला १९८६ साली पहिल्यांदा ग्रॅमी, म्हणजे इथला संगीताचा मोठा पुरस्कार, मिळाला, तो यांकोविकलाच, आणि २००९ साली तो विभागच बंद केला. मी त्यांना आपल्या पेटीचं सांगितलं. १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ मध्ये कुठे सैल झाली. तोवर कीर्तनात, भजनात, नाटकात पेटी वाजतच होती. त्यांनी विचारलं, "बंदीच्या काळात तुझे लोक कुठे बसून वाजवत?" म्हटलं, देवळात, ओसरीवर, लग्नघरात. ते खूप वेळ मान हलवत होते.

तुझ्याकडे एक काम आहे. त्यांना पितळेचे रीड हवे आहेत. पोलादाचा आणि पितळेचा आवाज शेजारी शेजारी ठेवून ऐकायचा आहे म्हणतात. पालिताण्याचे जुने रीड तुझ्याकडे पडून असतील तर मधल्या सप्तकातले चार-पाच पाठव. कापसात गुंडाळ, वाकले की उपयोग नाही. आणि येत्या एकादशीचं भजन फोनवर रेकॉर्ड करून धाड, पण बुवांच्या नव्हे, तुझ्या पेटीजवळ फोन ठेव. त्यांना तुझा डावा हात ऐकायचा आहे. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो हे मी सांगितलं, तरी म्हणाले, "मग भाताच ऐकतो."

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
युक्लिडचा पेटीवाला