झाकण उघडायचं नाही

प्रिटोरिया (दक्षिण आफ्रिका),
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय दत्त्या,

'काय चाललंय?' या तुझ्या मेसेजला नुसता अंगठा दाखवून मोकळा झालो असतो, पण आज सांगण्यासारखं घडलंय. अंगाला धुराचा वास येतोय, करंगळीला चटका बसलाय आणि पोटात कूडूची नळी आहे.

कूडू म्हणजे इथलं मोठं हरीण. नराची शिंगं पीळ घातल्यासारखी, अंगावर चुन्याची बोटं ओढल्यासारखे पांढरे पट्टे, वजन दोनशे किलोच्या पुढे. इथली थंडी जून-जुलैची आणि तोच शिकारीचा हंगाम, त्यामुळे सध्या खाटकाच्या फळ्यावर कूडू, स्प्रिंगबॉक, इम्पाला अशी नावं खडूने लिहिलेली असतात. तू लगेच आपला १९७२चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा काढशील, म्हणून आधीच सांगतो, इथलं गणित वेगळं आहे. रीतसर कुंपण घातलेल्या रानातल्या जनावरांवर शेतमालकाची मालकी चालते, १९९१च्या कायद्याने त्यावर शिक्का मारला. लोक गायी पाळाव्यात तशी हरणं राखतात आणि विकतात. आणि फार सोवळा होऊ नकोस. काळविटाच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते मागवणारं संस्थान आपलंच, कोल्हापूरचं!

तीन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा कूडू आणला तेव्हा कोल्हापुरी माज होता. मटण आपल्याला कोण शिकवणार? मांडीचं बोनलेस घेतलं, चटणी मारली, कुकर लावला, सात शिट्ट्या. ताटात आला तो काथ्या. ऑफिसचे चार जण जेवायला होते. बिचारे चावताहेत, चावताहेत आणि 'फार वेगळी चव आहे' म्हणताहेत. बायकोने उरलेलं दुसऱ्या दिवशी खिमा करून खपवलं.

शेजारचे ऊम (ऊम म्हणजे काका, इथे वडीलधाऱ्याला असंच हाक मारतात) ही गोष्ट ऐकून खोकला लागेपर्यंत हसले. म्हणाले, ज्या जनावराला चरबीच नाही त्याची मांडी कुकरात घालतोस? हरणाच्या मांसात बोकडासारखी चरबी नसते, त्यामुळे मांडी जास्त शिजली की आतलं पाणी निघून जातं आणि उरतात धागे. पायाच्या नळीचं तसं नाही. दिवसभर पळणारा अवयव, त्यात चिवट पांढरे पडदे भरपूर. तेच पडदे मंद आचेवर तासन्‌तास राहिले की वितळून रश्शात उतरतात, ओठाला ओठ चिकटतात. आपल्या पायाच्या सुपात होतं तेच. म्हणजे गोष्ट आपल्याला ठाऊकच होती रे, फक्त हरीण दिसल्यावर अक्कल गहाण पडली.

तर आजचा बेत. दोन किलो नळी, हाडासकट दोन-दोन बोटं जाडीचे काप, रात्रभर ताकात. ताक इथलंच बरं का, उग्र वास मारायला इथल्या आज्याही तेच वापरतात. भांडं म्हणजे तीन पायांचं बिडाचं पोटफुगं हंडं, त्याला 'पॉइकी' म्हणतात. माझं तीन नंबरचं, सहा-सात माणसांचं. खाली कॅमलथॉर्नचे निखारे. हे झाड आपल्या बाभळीच्याच गोतातलं, निखारा तसाच तासन्‌तास धरून राहतो.

आधी मेंढीच्या शेपटीची चरबी वितळवली, त्यात काप दोन्ही बाजूंनी लालबुंद केले. मग कांदा, लसूण, कोरडे भाजून भरड कुटलेले धणे, लवंगा, दालचिनी, तमालपत्र, किसलेलं जायफळ, ऑलस्पाइस (लवंगेसारख्या वासाचे वाळलेले दाणे), चिंचेचा कोळ आणि मूठभर सुके जर्दाळू. चिंच वाचून थबकलास ना? हा केप टाउनकडचा हात आहे. डचांनी १६५२ मध्ये तिथे ठाणं मांडलं आणि पुढे जावा, मलबार, बंगालकडून माणसं गुलाम करून आणली. त्यांच्या स्वयंपाकातून लवंग, धणे, चिंच तिथल्या चुलीवर आली. तिथे 'डेनिंगफ्लेस' नावाचं चिंचेतलं आंबटगोड मटण करतात. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला घरचीच कुणीतरी मावशी भेटल्यासारखं झालं. मात्र आज ऑलस्पाइस जरा जास्त पडला, शेवटी कडवटपणा आला. लवंगांचं तोंड असं की त्यांच्यापुढे दुसऱ्या कुणी बोलू नये.

आता खरी परीक्षा. झाकण लावलं की पळी घालायची नाही. अजिबात! आपला हात तर परतायला जन्मलेला, खाली लागेल म्हणून जीव वरखाली. दोनदा झाकणाकडे हात गेला, दोनदा ऊमनी खुर्चीतूनच 'नी!' (म्हणजे नाही!) म्हणून दटावलं. मग मी झाकणाला हात लावला तो चटका लागायलाच. उघडायचं नाही, ऐकायचं. कान जवळ नेला की आत हळू 'प्रुट, प्रुट' वाजलं पाहिजे. रटरट ऐकू आली की दोन निखारे बाजूला ओढायचे, आवाज बंद पडला की दोन आत सारायचे. साडेतीन तास मी विस्तवाची हमाली केली.

तीन तासांनी एकदाच उघडायची परवानगी. वर गाजरं, छोटे बटाटे, सगळ्यात वर मशरूम, एकावर एक थर, पुन्हा झाकण. भाज्या वाफेवर शिजतात, रश्शात बुडत नाहीत. चार तासांनी वाढलं तेव्हा हाड आपोआप सुटून आलं. बोटभर मगज मी कुणाला विचारायच्या आत ओढला. सोबत पप, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा. हातानेच गोळा करून रश्शात बुडवायचा. चमचा मागितला असता तर ऊमनी हाकललं असतं.

तू हरणाच्या नादाला लागू नकोस, तुरुंगात डबा पोचवायला मी तिथे नाही. बोकडाच्या नळ्या घे, मातीचं जाड मडकं घे, वेळ अडीच तासांवर आण, जर्दाळू नसतील तर थोडा गूळ. पण पळी कुलपात ठेव. वहिनींनी झाकण उघडलं तर दोष माझ्या रेसिपीला देऊ नकोस.

मे महिन्यात येतोयस ना? नक्की असेल तर कळव, ऊमना आधी सांगून ठेवावं लागतं. येताना काकूंच्या हातची कांदा-लसूण चटणी अर्धा किलो आण. पुढच्या हंड्यात दोन चमचे चोरून टाकायचा विचार आहे.

तुझा,
पक्या