अंतराळात घाई करणारा मागे पडतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अंतराळपटांतील शास्त्रीय चुकांची यादी देणारा लेख वाचला. निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज ऐकू येणार नाही, मंगळावरचे वातावरण पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ असल्याने तिथले वादळ उभे यान आडवे करू शकणार नाही, हे आक्षेप बिनतोड आहेत. तीसएक वर्षे उपग्रहांच्या जुळणीत आणि चाचण्यांत काढलेला माणूस म्हणून या यादीत मलाही भर घालता येईल, परंतु माझी तक्रार निराळी आहे. भौतिकशास्त्राच्या चुका मी लेखक-दिग्दर्शकांना केव्हाच माफ केल्या आहेत. घाईची चूक मात्र माफ करवत नाही.

चुका माफ का केल्या, ते आधी सांगतो. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला जुल्स व्हर्न आम्ही शाळेत असताना अक्षरशः पळवापळवी करून वाचला. व्हर्नने १८६५ साली आपली माणसे चंद्राकडे पाठवली ती तोफेतून. तोफेची लांबी ९०० फूट. पुढे अभियांत्रिकीला असताना एका दुपारी मी वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब मांडला. एवढ्याशा लांबीत सेकंदाला ११ किलोमीटरचा वेग गाठायचा, तर आतल्या माणसांवर गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींहून अधिक भार येतो. व्हर्नने धक्का शोषण्यासाठी गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर दिला होता, पण एवढ्या भाराखाली पाण्याचा काय उपयोग! तरी ते पुस्तक माझ्या नजरेत उतरले नाही. रशियातल्या त्सिओल्कोव्स्कीनेही व्हर्न वाचला, तोफेने माणूस जगणार नाही हे ओळखले आणि १९०३ साली रॉकेटचे गणित प्रसिद्ध केले. एखादी चूक इतकी फलद्रूप होत असेल, तर तिला नावे कशाला ठेवायची?

‘ग्रॅव्हिटी’ या २०१३ सालच्या चित्रपटातली चूकही याच जातीची. हबल दुर्बिणीजवळून पाठीवरच्या झोतयंत्राने अंतराळ स्थानकाकडे जाणे अशक्य आहे, कारण हबलची कक्षा विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंशांचा कोन करते आणि स्थानकाची जवळपास बावन्न अंशांचा. एवढा कल बदलायला सेकंदाला सुमारे ३ किलोमीटरचा वेगबदल लागतो. असले झोतयंत्र अमेरिकी स्पेस शटलच्या काळात प्रत्यक्षात वापरले गेले, त्याची एकूण ताकद सेकंदाला २५ मीटरच्या आसपास होती. हे सगळे ठाऊक असूनही मी तो चित्रपट दोनदा पाहिला. मला खटकले ते एवढेच, की त्यात कोणालाही थांबायला वेळ नाही.

प्रत्यक्षात कक्षेतला नियम असा आहे, की जो घाई करतो तो मागे पडतो. हे शब्दशः खरे आहे. पुढे चाललेल्या यानाला गाठण्यासाठी इंजिनाचा जोर लावला, की आपले यान वरच्या कक्षेत चढते. वरची वाट लांब आणि तिथला वेग कमी, म्हणून अंतर घटण्याऐवजी वाढते. पुढच्याला गाठायचे तर आपण वेग कमी करायचा, खालच्या कक्षेत उतरायचे, तिथे आपोआप वाढणाऱ्या वेगाने अंतर कापायचे आणि मग बेताने पुन्हा वर यायचे. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-४ यानातल्या मॅकडिव्हिटने आपल्याच रॉकेटचा रिकामा टप्पा गाठायचा प्रयत्न केला होता. निष्णात वैमानिक तो. टप्पा समोर दिसत होता, त्याच्यावर नाक रोखून त्याने झोत सोडले. टप्पा दूरच जात राहिला, इंधन भराभर संपू लागले आणि अखेर त्याला नाद सोडून द्यावा लागला. त्याच डिसेंबरात जेमिनी-६ ने जेमिनी-७ ला गाठले, ते हे उलटे गणित पाठ करून. रस्त्यावर गाडी हाकणाऱ्या कोणालाही खोटी वाटावी अशी ही गोष्ट आहे, आणि कथालेखकाला याहून चांगला कच्चा माल कुठे मिळणार?

आपल्याकडचे ताजे उदाहरण इस्रोच्या स्पेडेक्स या जोडणी-प्रयोगाचे. ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही रॉकेटने सोडलेले प्रत्येकी सुमारे २२० किलोंचे दोन उपग्रह एकमेकांना जोडायचे होते. दोघेही सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने पृथ्वीभोवती धावत होते, आणि एकमेकांजवळ यायचे होते ते शेवटी सेकंदाला एखाद्या सेंटिमीटरच्या वेगाने. जोडणीची तारीख दोनदा पुढे गेली. १२ जानेवारीला दोघांमधले अंतर १५ मीटरवर आणि मग ३ मीटरवर आणले गेले. ३ मीटर म्हणजे आपल्या दिवाणखान्याची रुंदी. तिथून ते पुन्हा मागे घेतले, आलेली माहिती तपासली, आणि प्रत्यक्ष जोडणी १६ तारखेला झाली. त्या दिवसांत ओळखीच्यांनी मला फोन करून विचारले, की आपले काही बिघडले का. हात पोहोचेल अशा अंतरावरून मागे फिरणे हा कामाचा भाग असतो, हे त्यांना कोणत्या चित्रपटाने सांगितलेले असणार?

उलटी मोजणी तर चित्रपटाचीच देणगी मानली जाते. फ्रिट्झ लांगच्या १९२९ सालच्या जर्मन मूकपटात ती आली. त्या चित्रपटाचा सल्लागार हेरमान ओबर्थ हा रॉकेटविद्येच्या आद्य पुरुषांपैकी एक होता. पडद्यावर तिचे शेवटचे दहा आकडेच उरतात. आपल्याकडे ती साधारण दिवसभर चालते, आणि तिचा मुख्य उपयोग थांबण्यासाठी असतो. १५ जुलै २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चे उड्डाण छप्पन्न मिनिटे उरली असताना थांबवले गेले आणि आठवड्याने, २२ तारखेला झाले. रात्रभर जागलेले प्रेक्षक हिरमुसून परतले. माझ्या लेखी ती त्या मोहिमेतली एक उत्तम पहाट होती.

मंगळयानाचेही तसेच. २४ सप्टेंबर २०१४ ला ते मंगळाच्या कक्षेत शिरले. त्याचे मुख्य इंजिन सुमारे तीनशे दिवस निजले होते. दोन दिवस आधी त्याला जेमतेम चार सेकंद चालवून पाहिले होते. ऐन वेळी यान मंगळाच्या आड गेलेले, आणि तिथून संदेश यायला बारा मिनिटे लागणारी. त्यामुळे त्या सकाळी कोणीही ऐन क्षणी बटण दाबले नाही. सगळ्या आज्ञा आठवडाभराहून आधीच यानात भरून ठेवलेल्या होत्या. माणसे बसून होती, इतकेच. या बसून राहण्यात काय नाट्य असते, ते त्या खोलीत बसलेल्यालाच ठाऊक.

एक घरची गोष्ट सांगतो. उपग्रह उडण्याआधी त्याला एका मोठ्या टाकीत ठेवून आतली हवा काढतात आणि आळीपाळीने गोठवतात व तापवतात. आमच्या भाषेत थर्मोव्हॅक. एका रात्रपाळीत आम्ही तिघे दर अर्ध्या तासाने तापमानाचे आकडे वहीत उतरवत होतो. बाहेर टाकी गार करणाऱ्या द्रव नायट्रोजनच्या नळीवर बोटभर जाडीचे बर्फ साचले होते. एकाने दिवाळी अंकातली विज्ञानकथा मोठ्याने वाचायला घेतली होती. तिचा नायक हातातल्या पेचकसाने दोन मिनिटांत यान दुरुस्त करतो. आम्ही खूप हसलो, कारण आमच्याकडे एक स्क्रू आवळायचा तर एकाने आवळायचा, दुसऱ्याने बघायचे आणि दोघांनी सह्या करायच्या. तेवढ्यात एका हीटरचा आकडा हलेनासा झाला. टाकीचे दार लगेच उघडता येत नाही. आतला गार उपग्रह हळूहळू खोलीच्या तापमानाला आणावा लागतो, नाहीतर त्यावर दव धरते. दार उघडायला दीड दिवस लागला. एका कनेक्टरची केसाएवढी पिन वाकलेली निघाली. ती सरळ करायला मात्र खरोखरच दोन मिनिटे लागली, सह्या वगळून. त्या दीड दिवसात ती कथा आम्ही शेवटापर्यंत वाचली, हेही कबूल करतो.

मराठी वाचक अशा गोष्टींना तयार नाही, असे म्हणता येणार नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने, पत्नीच्या हस्ताक्षरात पाठवली, म्हणजे परीक्षकांना लेखक ओळखू येऊ नये. कथेला पहिले बक्षीस मिळाले. कृष्णविवरापाशी काळ मंदावतो, हे ज्या वाचकाने पन्नास वर्षांपूर्वी पचवले, त्याला वाकड्या पिनेपाशी काळ कसा मंदावतो, हे जड जाणार नाही. अडचण बहुधा आम्हा तंत्रज्ञांची आहे. आम्ही निवृत्त होतो, आठवणी सांगतो, व्याख्याने देतो, पण कथा लिहीत नाही. मीही लिहिली नाही, आणि या वयात जमेल असे वाटत नाही.

आपल्या दिवाळी अंकाची जुळवाजुळव आता सुरू झाली असेल. त्या अंकासाठी कोणी लेखक स्पेडेक्सच्या १२ ते १६ जानेवारीच्या त्या चार दिवसांवर कथा लिहायला बसणार असेल, तर ३ मीटरवरून माघार घेताना कोणते झोत कोणत्या क्रमाने सुटतात आणि त्या वेळी खोलीत कोण कोणाशी बोलत नाही, हे समजावून सांगायला मी कोणत्याही सकाळी मोकळा आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त उपग्रह अभियंता, पुणे