टँकर सावकाश का भरतो?

महोदय,

आष्टी तालुक्यात चौदा वर्षं पाण्याचा टँकर चालवतो. उन्हाळ्यात खेपा उशिरा झाल्या की लोक ‘डिझेल मारतो’ म्हणून मोकळे होतात. खरी भानगड बहुतेक वेळा पंपाच्या सक्शनला, म्हणजे विहिरीतून पाणी ओढणाऱ्या पाइपाला असते.

परवा बारा हजार लिटरची टाकी भरायला वीस मिनिटांऐवजी पाऊण तास लागला. मालक फोनवर म्हणाले, “रेस वाढव.” वाढवली, तर पंपात गोटे फिरल्यासारखा खडखडाट आणि धार आणखी बारीक. पंपाला ओढायला पाणीच पुरत नसेल तर रेस वाढवून काय होणार? फुटव्हॉल्व्ह (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची जाळीवाली झडप) वर काढला; जाळीला शेवाळ आणि एक आख्खी गुटख्याची पुडी. ती काढली, तरी धार तुटक. मग सक्शनच्या एकेका जॉइंटला ग्रीस लावत गेलो. तिसऱ्या कपलिंगला ग्रीस आत ओढलं गेलं, म्हणजे हवा तिथूनच शिरत होती, आणि आवाज एकदम बसला. वायसर कडक झाला होता. दहा-वीस रुपयांची वस्तू.

दुसरी गोष्ट विहिरीची. काठावर उभ्या गाडीचा पंप साडेसहा-सात मीटरच्या खालचं पाणी नीट ओढत नाही, मग पंप नवा का असेना. एप्रिलनंतर पातळी त्याखाली जाते. तेव्हा भरण्याच्या विहिरीत प्रशासनाने पाणबुडी मोटार सोडावी आणि टँकरच्या तपासणीत जीपीएसबरोबर सक्शन पाइपही बघावा.

– एक टँकरचालक, आष्टी (जि. बीड)