रामबागेतल्या काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

गाडीचं स्टेअरिंग दुरुस्त केल्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, आणि तोंडावर आभार मानू लागलं की विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत.

त्या दिवशी ओंकारेश्वरहून परतताना सिमरोलच्या घाटात माझे हात भरून आले होते. मागे आई बसलेली, आणि दर वळणाला स्टेअरिंग जातं ओढल्यासारखं जड. बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज. इंदुरात एका गॅरेजमध्ये दाखवली, तर तिथल्या माणसाने स्टेअरिंग दोनदा फिरवून निकाल दिला, "रॅक गया." रॅक म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की ऑइलच्या दाबाच्या मदतीने चाकं वळवणारा भाग. खर्च २७ हजार. गाडी बाबांची, २००७ सालची. तेवढ्यात गाडीच विकत येईल!

तुम्ही आधी टायरची हवा बघितलीत. मला तेव्हा ती टाळाटाळ वाटली, खरं सांगते. पुढच्या दोन्ही चाकांत हवा कमीच निघाली. मग स्टेअरिंगचा पंप फिरवणारा पट्टा दाबून पाहिलात, तो घट्ट होता. मग पुढची चाकं जॅकवर उचलून इंजिन बंद ठेवून मलाच स्टेअरिंग फिरवायला लावलंत. ते अडकलं नाही. "म्हणजे सांधे धरलेले नाहीत," तुम्ही म्हणालात, आणि आकडे लिहायला माझ्या हातात पेन दिलंत.

गाडी खाली उतरवून इंजिन चालू केलं आणि तुमचा तो रद्दीवाल्याचा स्प्रिंगचा काटा स्टेअरिंगला अडकवून ओढला. साडेपाच किलो. काटा सारखा थरथरत होता. स्टेअरिंगच्या ऑइलच्या डबीचं झाकण काढलंत तर आत फेस, पहिल्या धारेच्या दुधासारखा. खाली जमिनीवर मात्र थेंबसुद्धा नाही. मी विचारलं, गळत नाही तर हवा शिरली कुठून? तुम्ही म्हणालात, "चिरलेल्या स्ट्रॉने उसाचा रस पी. रस बाहेर सांडतो का? तोंडात हवा येते." डबीकडून पंपाकडे जाणारा पाइप ऑइल शोषून घेतो, तिथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी, म्हणून भेगेतून ऑइल बाहेर येण्याऐवजी हवाच आत ओढली जाते. क्लिपखाली तो पाइप कडक होऊन चिरला होता.

पाइप आणि दोन क्लिपा मिळून ३४० रुपये, ऑइल वेगळं, तेही गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच. नंतर चाकं पुन्हा वर, इंजिन बंद, आणि मी हळूहळू स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतेय, तुम्ही डबीत डोकावून बुडबुडे बघताय. वीस वेळा तरी झालं असेल. खांदे गेले माझे.

इथेच थांबला असतात तरी चाललं असतं. पण तुम्ही पंप आणि रॅकच्या मध्ये प्रेशर गेज बसवलंत. इंजिन चालू ठेवून त्याची झडप बंद केली की पंपाचा पूर्ण दाब दिसतो. मात्र पाच सेकंदांच्या वर नाही, पंप तापतो. मग झडप उघडून स्टेअरिंग टोकाला नेलं, तेही क्षणभरच. दोन्ही वेळी दाब पुस्तकातल्या आकड्याला भिडला. बंद झडपेला भरला असता आणि टोकाला पडला असता, तर रॅक आतून गळतोय. दोन्हीकडे कमी, तर संशय पंपावर. आयुष्यभर ट्रकांची स्टेअरिंगं उघडलेल्या माणसाने मला हे दोनदा समजावलं, तेही उन्हात.

त्या गॅरेजवाल्याला मी लबाड म्हटलं तर तुम्ही मलाच दटावलंत: "त्याने मोजलं नाही, एवढंच म्हण." बरं, एवढंच म्हणते.

काट्यावर आता तीन किलो येतात. आकड्यांचा कागद गाडीतच ठेवलाय. महिन्याने परत मोजायचं ठरलंय ना? रविवारी सकाळी लवकर आणते, टायर थंड असतानाच. आईने तुमच्यासाठी शंकरपाळे केलेत. ते तरी नाही म्हणू नका.

तुमची,
वरच्या मजल्यावरची